राऊटरची दिंडी : घराबाहेरून घरातील यंत्रापर्यंत पोहोचताना

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांना भक्कम लाकडी दरवाजा असे आणि त्या दरवाजाच्याच फळीत माणूस वाकून आत जाईल एवढी लहानशी दिंडी असे. रात्री मोठा दरवाजा अडसर घालून बंद होई. ओळखीचा माणूस आला, तर दिंडी तेवढी उघडली जाई. आज घराघरांत भिंतीवर लटकणारी, दिवे लुकलुकणारी राऊटर नावाची पेटी नेमके हेच काम करते. घरातून बाहेर जाणाऱ्याला ती अडवत नाही. बाहेरून न बोलावता आलेल्याला मात्र आत घेत नाही. तिच्यात एखादी दिंडी उघडणे, म्हणजेच 'पोर्ट फॉरवर्डिंग', ही किचकट वाटणारी परंतु समजून घेण्याजोगी गोष्ट आहे.

बीड जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. शिक्षण आणि नोकरीसाठी येथील तरुण मोठ्या संख्येने पुणे, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर गाठतात. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव किंवा गेवराईच्या घरात मागे राहतात ते वृद्ध आईवडील, नाहीतर कुलूपबंद खोल्या. अशा घरांत सीसीटीव्ही कॅमेरा बसविला जातो आणि त्याचे चित्र पुण्यात बसून भ्रमणध्वनीवर दिसावे, अशी अपेक्षा असते. मोंढ्यातील आडत व्यापाऱ्याला दुकानातील संगणकावरचे हिशेब रात्री घरून पाहायचे असतात. कोणाला घरातील साठवण यंत्रावरची छायाचित्रे दूरच्या नातेवाइकांना दाखवायची असतात. या सर्वांची गरज एकच आहे : बाहेरून आलेली जोडणी घरातील ठराविक यंत्रापर्यंत पोहोचली पाहिजे.

ही दिंडी उघडण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळविणे आवश्यक ठरते. दरवाजा खरोखर आपल्या ताब्यात आहे का? दिंडी नेमकी कोणासाठी उघडायची आहे? आणि ती न उघडता काम भागण्यासारखे आहे का?

राऊटर बाहेरच्याला का अडवतो?

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आजही सर्वत्र वापरात असलेल्या 'आयपीव्ही४' या पद्धतीत असे सुमारे ४ अब्ज २९ कोटी पत्ते शक्य आहेत. ही पद्धत आखली गेली तेव्हा ही संख्या प्रचंड वाटत होती. मात्र नव्वदच्या दशकातच पत्ते अपुरे पडणार, हे स्पष्ट झाले. त्यावर १९९४ मध्ये 'नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन', संक्षेपाने 'नॅट', हा तोडगा मांडण्यात आला. काही पत्ते केवळ खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत.

वाड्याचेच उदाहरण घेऊ. वाड्याचा टपालाचा पत्ता एकच असतो, आत मात्र अनेक बिऱ्हाडे असतात. आतल्या एखाद्या बिऱ्हाडाने बाहेर पत्र पाठविले, की दरवाजावरचा माणूस वहीत नोंद करतो. उत्तर आले, की नोंद पाहून ते योग्य बिऱ्हाडाकडे पोहोचते करतो. पण ज्याची नोंदच नाही असे पत्र अचानक आले, तर ते कोणाला द्यावे हे त्याला कळत नाही. तो ते परत पाठवितो किंवा बाजूला टाकतो.

राऊटर हेच करतो. घरातील भ्रमणध्वनी, संगणक, दूरचित्रवाणी संच, कॅमेरा या सर्वांना तो खासगी पत्ते देतो आणि बाहेरच्या जगाला एकच सार्वजनिक पत्ता दाखवितो. त्यामुळे पुण्याहून आलेली मागणी बीडच्या घरातील कॅमेऱ्यासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय समजत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीत लिहून ठेवलेली कायमची सूचना : 'अमुक क्रमांकावर जो येईल, त्याला अमुक बिऱ्हाडाकडे पाठवा.'

हा क्रमांक म्हणजे 'पोर्ट' होय. पोर्ट म्हणजे यंत्रामागील भौतिक छिद्र नव्हे, तर ० ते ६५५३५ या मर्यादेतील एक क्रमांक. कोणती सेवा हवी आहे, हे त्यावरून ओळखले जाते. संकेतस्थळांसाठी ८० आणि सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, कॅमेऱ्याच्या चलचित्र प्रवाहासाठी ५५४, विंडोजच्या 'रिमोट डेस्कटॉप' सुविधेसाठी ३३८९, तर लिनक्स यंत्रावर दूरवरून काम करण्यासाठी २२ हे क्रमांक प्रचलित आहेत.

आधी तपासा : वेस आपली आहे का?

राऊटरमध्ये सर्व माहिती अचूक भरूनही बाहेरून काहीच उघडत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अनेकदा त्याचे कारण घरात नसून घराबाहेर असते.

बीड शहरात राजुरी वेस, माळी वेस ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. जुन्या काळी वाड्याचा दरवाजा उघडा असूनही गावाची वेस बंद असेल, तर पाहुणा बाहेरच राही. इंटरनेटच्या बाबतीत ही वेस सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे असते. पत्ते वाटपाच्या जागतिक संस्थेकडील आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही अखेरच्या टप्प्यात आला. ग्राहक वाढत राहिले. पत्ते वाढले नाहीत. मग अनेक कंपन्यांनी नॅटची युक्ती आपल्या पातळीवर वापरली. एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटला जाऊ लागला. यालाच 'कॅरियर ग्रेड नॅट' म्हणतात. या कामासाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये स्वतंत्रपणे राखून ठेवण्यात आले.

अशा जोडणीवर घरातील राऊटरची दिंडी उघडली तरी उपयोग नाही, कारण त्यापुढची वेस ग्राहकाच्या ताब्यात नसते. सिमकार्डवर चालणाऱ्या ४जी आणि ५जी राऊटरवर सामान्यतः हीच स्थिती असते. फायबर जोडण्यांवरही ती सर्रास आढळते.

ही तपासणी दोन मिनिटांत होते. राऊटरच्या मांडणीच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शीर्षकाखाली एक आयपी पत्ता दिसतो, तो लिहून घ्यावा. त्यानंतर घरच्याच जोडणीवरून 'माझा आयपी पत्ता' असा शोध महाजालावर घ्यावा आणि तेथे दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील, तर वेस आपलीच आहे. वेगळे असतील, किंवा राऊटरमधील पत्ता १०., १००.६४ ते १००.१२७, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर मध्ये आणखी एक दरवाजा आहे, असे समजावे.

हा मधला दरवाजा प्रत्येक वेळी कंपनीचाच असतो, असे नाही. कंपनीने दिलेली फायबरची पेटी स्वतः राऊटरचे काम करीत असते आणि ग्राहकाने चांगल्या वाय-फायसाठी त्यापुढे स्वतःचा दुसरा राऊटर जोडलेला असतो. मग घरातच दोन दरवाजे तयार होतात. अशा वेळी कंपनीची पेटी 'ब्रिज' पद्धतीवर आणून घ्यावी, म्हणजे ती केवळ तार पुढे जोडण्याचे काम करते. ते शक्य नसल्यास दोन्ही ठिकाणी सूचना लिहावी लागते. दरवाजा कंपनीच्या बाजूला असेल, तर कंपनीकडे सार्वजनिक किंवा स्थिर आयपी पत्त्याची मागणी करावी. त्यासाठी बहुधा वेगळे शुल्क आकारले जाते आणि प्रत्येक योजनेत ही सोय असतेच असे नाही. जोडणी घेतानाच हा प्रश्न विचारलेला बरा.

दिंडी उघडण्याची रीत

वेस आपली असल्याची खात्री झाल्यावर पुढील काम पायरीपायरीने करावे.

पहिली पायरी घरातील यंत्राचा पत्ता पक्का करण्याची. राऊटर घरातील यंत्रांना तात्पुरते पत्ते देत असतो. आज कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला १९२.१६८.१.२० मिळाला, तर उद्या १९२.१६८.१.२५ मिळू शकतो. मग वहीतील सूचना भलत्याच बिऱ्हाडाकडे बोट दाखविते. हे टाळण्यासाठी राऊटरच्या 'डीएचसीपी' विभागात 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' ही सोय असते. यंत्राचा 'मॅक' क्रमांक निवडून त्याच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवावा.

दुसरी पायरी राऊटरच्या पानावर जाण्याची. घरच्या वाय-फायला जोडलेल्या संगणकावर ब्राऊझर उघडून पत्त्याच्या जागी राऊटरचा पत्ता टंकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला आढळतो. अंक इंग्रजी कळफलकावरील टंकावेत. देवनागरी अंक येथे चालत नाहीत. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड अजूनही तसाच असेल, तर पुढे जाण्यापूर्वी तो बदलावा. ही पायरी वगळून दिंडी उघडणे म्हणजे किल्ली दारालाच लटकवून ठेवणे होय.

तिसरी पायरी नियम लिहिण्याची. 'पोर्ट फॉरवर्डिंग', 'व्हर्च्युअल सर्व्हर' किंवा 'नॅट' अशा नावाचा विभाग शोधावा. कंपनीगणिक नाव बदलते, काम एकच असते. तेथे पाच गोष्टी विचारल्या जातात. नियमाचे नाव आपल्या सोयीने द्यावे. 'बाह्य पोर्ट' म्हणजे बाहेरून येणारा ज्या क्रमांकावर दार ठोठावील तो. 'अंतर्गत पोर्ट' म्हणजे यंत्र प्रत्यक्षात ज्या क्रमांकावर उत्तर देते तो. 'अंतर्गत आयपी' म्हणजे पहिल्या पायरीत पक्का केलेला पत्ता. शेवटी 'प्रोटोकॉल', म्हणजे टीसीपी की यूडीपी. पहिला प्रकार पोचपावती घेणाऱ्या टपालासारखा, तर दुसरा पावतीची वाट न पाहणाऱ्या टपालासारखा आहे. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत जो सांगितला असेल तोच निवडावा. दोन्ही सरसकट उघडण्याची गरज नसते.

काही राऊटरमध्ये 'येणारा कोण' हेही मर्यादित करता येते. पुण्यातील कार्यालयाला स्थिर पत्ता असेल, तर केवळ त्याच पत्त्यावरून आलेल्यास आत घ्यावे, असा नियम लिहिता येतो. ही सोय असल्यास अवश्य वापरावी.

चौथी पायरी यंत्राच्या स्वतःच्या पहाऱ्याची. विंडोज संगणकाची 'फायरवॉल' बाहेरून आलेल्या जोडण्या अडवू शकते. राऊटरने आत सोडलेला पाहुणा खोलीच्या दाराशी अडकतो. फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. हव्या त्या पोर्टपुरतीच परवानगी द्यावी.

पाचवी पायरी चाचणीची. येथे अनेकांची फसगत होते. घरच्याच वाय-फायवरून आपला सार्वजनिक पत्ता उघडून पाहिला, तर काही राऊटर ती जोडणी पुन्हा आत वळवू शकत नाहीत. नियम बरोबर असूनही चूक झाल्याचा भास होतो. त्यामुळे भ्रमणध्वनीचे वाय-फाय बंद करून, मोबाईल डेटावरून तपासावे. चाचणीच्या वेळी घरातील यंत्र सुरू असले पाहिजे, अन्यथा पोर्ट बंदच दिसते. काही कंपन्या ८० किंवा २५ यांसारखे ठराविक पोर्ट आपल्या बाजूनेच अडवितात. अशा वेळी बाह्य पोर्टचा क्रमांक बदलून पाहावा.

वीज गेली आणि पत्ता बदलला

सर्व काही जुळून आले, पुण्यातून घर दिसू लागले आणि आठवडाभरात पुन्हा अंधार, असेही घडते. स्थिर पत्ता घेतलेला नसेल, तर सार्वजनिक पत्ता बदलता असतो. वीजपुरवठा खंडित होऊन राऊटर पुन्हा सुरू झाला, की कंपनीकडून नवा पत्ता मिळू शकतो. वळवाच्या पावसात वारंवार वीज जाणाऱ्या भागात ही अडचण नित्याची ठरते.

त्यावर 'डायनॅमिक डीएनएस' हा उपाय आहे. अशा सेवेकडे घरासाठी एक नाव नोंदविले जाते. राऊटर किंवा कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आपला पत्ता बदलला, की त्या सेवेला कळवितो. पुण्यातील मुलाने अंकांऐवजी ते नाव वापरले, की योग्य पत्ता आपोआप मिळतो. बहुतेक राऊटरमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग असतो. मात्र ही सोय केवळ पत्ता शोधून देते. कंपनीची वेस उघडत नाही. कॅरियर ग्रेड नॅटच्या मागे असलेल्या घराला तिचा उपयोग होत नाही. राऊटर आणि रेकॉर्डरला लहान इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा आधार दिल्यास बराच त्रास वाचतो.

'आमच्या गल्लीतले घर कोणाला सापडणार?'

दिंडी उघडणाऱ्या बहुतेकांच्या मनात हा दिलासा असतो. तो निराधार आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एका साध्या संगणकावरून, वेगवान जोडणीच्या साह्याने, आयपीव्ही४ चे संपूर्ण जग पाऊण तासाच्या आत चाचपून दाखविले. म्हणजे एखादे पोर्ट कोणकोणत्या पत्त्यांवर उघडे आहे, हे पाहण्यासाठी गाव, गल्ली, घर माहीत असण्याची गरजच नाही. चोर पत्ता विचारत येत नाही. तो प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतो. आणि हे काम माणूस नव्हे, यंत्र करते.

२०१६ मधील 'मिराय' प्रकरण या संदर्भात बोलके आहे. या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर शोधले आणि कारखान्यातून आलेली साठहून अधिक नावे व पासवर्ड त्यांच्यावर वापरून पाहिले. ज्यांनी पासवर्ड बदललेला नव्हता, ती यंत्रे तिच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने 'डिन' या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. ज्यांच्या घरातील कॅमेरे या हल्ल्यात वापरले गेले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

भारतालाही असा अनुभव आला. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड ग्राहकांकडील मोडेमवर घातक प्रणालीचा हल्ला झाला. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्याला बळी पडले आणि निगमने ग्राहकांना पासवर्ड तातडीने बदलण्याचे आवाहन केले.

व्यापाऱ्यांसाठी सर्वांत मोठा धोका ३३८९ या क्रमांकाचा आहे. दुकानातील संगणकावरचे हिशेब घरून पाहता यावेत म्हणून हे पोर्ट थेट उघडले जाते. बाहेरची यंत्रे त्यावर अहोरात्र पासवर्ड लावून पाहत राहतात. तो ओळखला गेला, की संगणकातील सर्व माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. खंडणीखोर प्रणालींचा हा जगभर आढळलेला नेहमीचा मार्ग आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारी, वर्षानुवर्षांचे खातेपुस्तक एका रात्रीत हातचे जाऊ शकते. क्रमांक ३३८९ ऐवजी दुसरा ठेवल्याने शोध थोडा लांबतो, टळत नाही. रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट इंटरनेटवर थेट उघडूच नये, हाच या बाबतीतील शहाणपणाचा नियम आहे.

राऊटरमधील आणखी दोन सोयींबाबत सावध राहिले पाहिजे. 'डीएमझेड' ही सोय एखाद्या यंत्राकडे सर्वच्या सर्व पोर्ट वळविते. ती दिंडी नव्हे, आख्खा दरवाजा आहे. 'यूपीएनपी' ही सोय घरातील यंत्रांना मालकाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडण्याची मुभा देते. खेळांच्या यंत्रांसाठी ती सोयीची असली, तरी आवश्यकता नसल्यास बंद ठेवावी. राऊटरचे स्वतःचे मांडणीचे पान बाहेरून दिसेल अशी 'रिमोट मॅनेजमेंट' सोयही बंदच असावी.

दिंडी न उघडता काम भागते का?

बऱ्याचदा भागते. आजचे बहुतेक घरगुती कॅमेरे खोक्यावरचा चौकोनी संकेत भ्रमणध्वनीने टिपताच सुरू होतात. त्यांत पोर्ट उघडावे लागत नाही, कारण कॅमेराच आतून बाहेर, कंपनीच्या संगणकाकडे जोडणी करतो. पुण्यातील भ्रमणध्वनीही तेथेच जातो आणि दोघांची गाठ पडते. आतून बाहेर जाणाऱ्यास राऊटर अडवत नसल्याने हा मार्ग कॅरियर ग्रेड नॅटच्या मागूनही चालतो. मात्र येथे विश्वास कंपनीवर टाकावा लागतो. घराचे चित्र तिच्या संगणकामार्गे जाऊ शकते आणि तिने सेवा बंद केली, तर कॅमेऱ्याची ही सोयही संपते. खात्याचा पासवर्ड भक्कम ठेवावा आणि दुहेरी पडताळणीची सोय असल्यास सुरू करावी.

दुसरा मार्ग 'व्हीपीएन'चा. यात कॅमेरा, संगणक, साठवण यंत्र यांच्यासाठी वेगवेगळ्या दिंड्या न उघडता एकच दिंडी उघडली जाते आणि तीही सांकेतिक किल्ली असलेल्यालाच दाद देते. एकदा आत आल्यावर पुण्यातील संगणक जणू बीडच्या घरातच बसला आहे, असे काम करतो. 'ओपनव्हीपीएन' आणि 'वायरगार्ड' या त्यासाठीच्या मोफत प्रणाली आहेत. वायरगार्डचा समावेश २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच झाला. ती अनोळखी मागणीला उत्तरच देत नसल्याने कडी हलविणाऱ्याला दार असल्याचे कळतही नाही. अनेक राऊटरमध्ये व्हीपीएनची सोय अंगभूत असते. व्यापाऱ्यांनी हिशेबाचा संगणक पाहण्यासाठी हाच मार्ग धरावा.

तिसरा मार्ग गरजेकडे नव्याने पाहण्याचा. शेतातील विहिरीवरची मोटार घरून सुरू करण्यासाठी बीड जिल्ह्यातील शेतकरी वापरतात तो मोबाईल स्टार्टर सिमकार्डवर, फोन किंवा संदेशाने चालतो. त्याला ना राऊटर लागतो, ना पोर्ट. प्रत्येक गरजेला इंटरनेटची दिंडीच हवी, असे नाही.

पुढचा काळ आयपीव्ही६ चा

पत्त्यांच्या टंचाईवरचा खरा उपाय आयपीव्ही६ हा आहे. त्यात पत्ते इतके विपुल आहेत, की घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. या पद्धतीच्या वापरात भारताची गणना जगातील आघाडीच्या देशांत होते. येथे नॅटची आणि पर्यायाने पोर्ट फॉरवर्डिंगची गरज उरत नाही. राऊटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्रापुरती परवानगी द्यावी लागते. त्यामुळे आयपीव्ही४ वर वेस बंद असलेल्या घरालाही आयपीव्ही६ वरून वाट मिळू शकते. मात्र राऊटर, घरातील यंत्र, सेवा देणारी कंपनी आणि बाहेरून येणाऱ्याची जोडणी या सर्वांना ही पद्धत मान्य असावी लागते. आयपीव्ही६ वर फायरवॉल बंद ठेवणे अधिकच धोक्याचे, कारण तेथे आडोशाला नॅटही नसते.

कायदा आणि शेजारधर्म

घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणार नाही, याची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कोणाचेही खासगी अवस्थेतील चित्र संमतीविना टिपणे किंवा प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ई नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शयनगृहात किंवा आजारी माणसाच्या खोलीत कॅमेरा लावून त्याकडे दिंडी उघडणे शक्यतो टाळावे. आईवडिलांच्या काळजीपोटी लावलेला कॅमेरा अनोळखी माणसांच्या हाती पडला, तर काळजीची जागा नाचक्की घेते.

यंत्र ताब्यातून गेल्याचा संशय आल्यास प्रथम राऊटरची तार काढावी आणि पोर्टचे सर्व नियम पुसून पासवर्ड बदलावेत. आर्थिक फसवणूक झाली असेल, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. घातक प्रणालींच्या सफाईसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले असून तेथे मोफत साधने मिळतात.

हे ध्यानात ठेवा

* राऊटरमधील पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता सारखा आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. नसेल, तर पुढील खटाटोप व्यर्थ आहे.
* राऊटर, कॅमेरा आणि रेकॉर्डर या तिन्हींचे मूळ पासवर्ड बदलावेत. तिन्हींना एकच पासवर्ड ठेवू नये.
* यंत्रांच्या प्रणालीतील सुधारणा कंपनीकडून येताच बसवाव्यात. कंपनीने सुधारणा देणे बंद केलेल्या जुन्या रेकॉर्डरकडे पोर्ट उघडू नये.
* एका गरजेसाठी एकच पोर्ट उघडावे. डीएमझेड वापरू नये. ३३८९ थेट उघडू नये.
* काम संपताच नियम पुसावा. दर तीन महिन्यांनी नियमांची यादी पाहून अनोळखी नियम काढून टाकावेत.
* जोडणी करून देणाऱ्या तंत्रज्ञाने कोणते पोर्ट उघडले आणि कोणता पासवर्ड ठेवला, हे लिहून घ्यावे. तो गेल्यावर पासवर्ड स्वतः बदलावा.

यांतील शेवटची सूचना सर्वांत दुर्लक्षित राहते. बहुतेक घरांत राऊटर आणि कॅमेरा बसविणारा माणूस बाहेरचा असतो. त्याने कोणती दिंडी उघडी ठेवली, हे घरातल्यांना ठाऊकच नसते. पुण्यात बसून घर दिसते आहे, एवढ्यावर मुले समाधानी असतात आणि कॅमेरा चालू आहे, म्हणून आईवडील निश्चिंत असतात. ते घर आणखी कोणाला दिसते आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पूर्वी रात्री निजण्यापूर्वी घरातील कर्ते माणूस दरवाजाचा अडसर हाताने चाचपून पाहत असे. राऊटरच्या बाबतीतही ती सवय लावून घेण्याची वेळ आली आहे.